पायांचा बधिरपणा आणि रक्तातील 'एम बँड' : वयस्कर रुग्णांनी नक्की काय तपासून घ्यावे?

प्रतापनगरकर (धागालेखक)

नमस्कार मंडळी. माझ्या वडिलांचे वय ७४ आहे. दोन वर्षांपासून त्यांच्या दोन्ही तळपायांना मुंग्या येतात आणि आता बधिरपणा घोट्यांच्या वर सरकला आहे. पायातली चप्पल सुटून मागे राहिली तरी त्यांना पटकन कळत नाही. मधुमेह आहे, परंतु गोळ्यांवर व्यवस्थित आटोक्यात आहे. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) कधी ७ च्या वर गेलेले नाही. साहजिकच आधी सगळ्यांनी मधुमेहाकडे बोट दाखवले. मेटफॉर्मिनमुळे बी १२ कमी झाले असेल म्हणून लाल इंजेक्शनांचा पूर्ण कोर्स झाला, बी १२ ची पातळी सुधारली, पण पायांत काडीचाही फरक पडला नाही.

अलीकडे दोन गोष्टी नव्याने लक्षात आल्या. बेसिनपाशी तोंडाला साबण लावून डोळे मिटले की बाबा पुढे झोकांडतात, म्हणून ते एका हाताने नळ घट्ट धरून दुसऱ्या हाताने तोंड धुतात. शिवाय चहाची बशी उचलली की हात थरथरतो. इथे नागपुरात रामदासपेठेतील एका न्यूरॉलॉजिस्टनी एनसीव्ही (नसांतून संदेश किती वेगाने जातो ती) तपासणी केली. तिच्या अहवालात 'डिमायलिनेटिंग' (नसांवरचे आवरण खराब होणे) असा शेरा असून हातापायांच्या टोकांशी संदेश पोहोचण्यास फार विलंब होतो असे लिहिले आहे. त्यानंतर रक्तातील प्रथिनांचे इलेक्ट्रोफोरेसिस (प्रथिने वेगळी करून पाहण्याची तपासणी) झाले आणि त्यात ०.६ ग्रॅम प्रति डेसिलिटर इतका एम बँड आला. अहवाल आणताना कोणीतरी 'हे रक्ताच्या कर्करोगात असते' असे बोलून गेले आणि तेव्हापासून आईची झोप उडाली आहे.

माझा प्रश्न असा आहे की नसांचे हे नुकसान त्या प्रथिनामुळे झाले असे आताच म्हणता येईल का? की दोन्ही गोष्टी योगायोगाने एकत्र आल्या असाव्यात?

काचपट्टी

मी नोकरीची सगळी वर्षे प्रयोगशाळेत घालवली आहेत, त्यामुळे अहवालापुरतेच बोलतो.

आपल्या शरीरातील प्लाझ्मा पेशी नाना प्रकारची प्रतिपिंडे बनवतात. ती सगळी इलेक्ट्रोफोरेसिसच्या आलेखात गॅमा विभागात पसरट, बुटक्या उंचवट्यासारखी दिसतात. गुजरीच्या गलबल्यात कोणाचा आवाज कोणता ते वेगळे कळत नाही, तसेच ते असते. परंतु पेशींचा एकच वंश वाढून एकाच छापाचे प्रतिपिंड सतत बनवू लागला तर त्या उंचवट्यातून एक अरुंद, टोकदार शिखर वर येते. त्यालाच एम बँड किंवा एम स्पाइक म्हणतात. जुना जंतुसंसर्ग, यकृताचा आजार किंवा सांध्यांचा दाह असेल तर अख्खा उंचवटाच फुगतो. तो एम बँड नव्हे.

तुमच्या अहवालात शिखर आहे, पण ते कोणत्या प्रतिपिंडाचे हे लिहिलेले दिसत नाही. त्यासाठी इम्युनोफिक्सेशन करावे लागते. प्रथिन आयजीजी, आयजीए की आयजीएम या प्रकारचे, आणि त्याची हलकी साखळी (प्रतिपिंडाचा लहान भाग) कॅपा की लॅम्डा, हे त्यातून कळते. सोबत सीरम फ्री लाइट चेन (रक्तातील सुट्या हलक्या साखळ्या) आणि २४ तासांच्या लघवीतील प्रथिनांची तपासणी करून घ्यावी. फ्री लाइट चेनमधील कॅपा-लॅम्डा गुणोत्तर साधारण ०.२६ ते १.६५ असते. मात्र मूत्रपिंडे कमजोर असतील तर ते ३ च्या आसपास गेले तरी चालते, म्हणून क्रिएटिनिनचा आकडा शेजारी ठेवल्याशिवाय ते वाचू नये.

एक स्थानिक सूचना. आपल्या भागात सिकलसेलचे प्रमाण मोठे असल्यामुळे काउंटरवर नुसते 'इलेक्ट्रोफोरेसिस' म्हटले की हिमोग्लोबिनची तपासणी नोंदवली जाण्याची शक्यता असते. तेव्हा चिठ्ठीवर 'सीरम प्रोटीन' हे शब्द स्पष्ट आहेत का ते पैसे भरण्यापूर्वीच पाहून घ्यावे.

मज्जातंतू

मी याच विषयात, म्हणजे नसांच्या आजारांत, काम करतो. रुग्ण न पाहता निदान करणे योग्य नाही, परंतु विचार कोणत्या क्रमाने करावा एवढे निश्चित सांगता येईल.

रक्तात असे प्रथिन सापडणे उतारवयात दुर्मीळ नाही. १९७८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या रॉबर्ट काइल यांनी या स्थितीला एमजीयूएस हे नाव दिले (नागपूरकरांनी गल्लत करू नये, आपले मेयो रुग्णालय वेगळे). त्यांच्याच गटाने पुढे मिनेसोटातील एका काउंटीत केलेल्या पाहणीत पन्नाशी ओलांडलेल्यांपैकी सुमारे ३.२ टक्के आणि सत्तरी ओलांडलेल्यांपैकी सुमारे ५.३ टक्के लोकांत हे प्रथिन आढळले. आपल्याकडील प्रमाण हुबेहूब तेच असेल असे मानू नये, पण वयाबरोबर ते वाढते ही बाब सर्वत्र लागू आहे. न्यूरोपॅथीदेखील (नसांचा बिघाड) याच वयात वाढते. त्यामुळे एकाच माणसात दोन्ही असणे पुष्कळदा निव्वळ योगायोग असतो, आणि आधी हाताशी आलेल्या अहवालावर खापर फोडून मोकळे होण्याचा मोह डॉक्टरांनाही होतो.

कर्करोगाच्या भीतीविषयी. प्रथिन ३ ग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी, अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशी १० टक्क्यांपेक्षा कमी आणि कॅल्शियम, मूत्रपिंडे, हिमोग्लोबिन व हाडे यांवर परिणाम नाही, अशा स्थितीला एमजीयूएस म्हणतात. तीतून मायलोमा (प्लाझ्मा पेशींचा कर्करोग) किंवा तत्सम आजार होण्याचा धोका सरासरी वर्षाला १ टक्का असतो. तुमच्या आईंना हा आकडा जरूर सांगा.

आता मूळ प्रश्न. प्रथिनाचा प्रकार आणि नसांच्या बिघाडाचा प्रकार एकमेकांशी जुळतात का, यावर उत्तर अवलंबून आहे. आयजीजी प्रथिन आणि चेतातंतूंच्या गाभ्याची हळूहळू झीज असे चित्र असेल तर संबंध बहुधा लागत नाही. अशा वेळी मधुमेह, मद्य, औषधे, थायरॉइड ही नेहमीची कारणे पुन्हा तपासावीत. आयजीएमची गोष्ट निराळी आहे. आयजीएम प्रथिन असलेल्या न्यूरोपॅथीच्या जवळपास निम्म्या रुग्णांत ते प्रतिपिंड नसांच्या आवरणातील, म्हणजे मायलिनमधील, 'मॅग' नावाच्या घटकावर चालून जाते, आवरणाचे थर एकमेकांपासून सुटतात आणि संदेश मंदावतो. हे रुग्ण बहुधा साठी-सत्तरीतील पुरुष असतात. त्यांची ताकद बराच काळ टिकते, मात्र सांध्यांची स्थिती मेंदूला कळवणाऱ्या जाड तंतूंचा घात होतो. मग तोल सांभाळण्याची सगळी भिस्त डोळ्यांवर येते, आणि डोळे मिटले की माणूस झोकांडतो. हातांचा कंपही त्यातच बसतो. एनसीव्हीत अगदी टोकाकडे सर्वाधिक विलंब, हीदेखील त्याच आजाराची खूण आहे.

तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून मला आयजीएमची शंका येते. त्यामुळे इम्युनोफिक्सेशन आधी करावे. ०.६ हा आकडा लहान आहे म्हणून निश्चिंत राहू नये. या आजारांत प्रथिनाचे प्रमाण आणि नसांचे नुकसान यांचा मेळ बसतोच असे नाही.

गौरी_वर्धा

डॉक्टरसाहेबांनी दोन गोष्टी जुळतात का असे विचारायला सांगितले आहे. आमच्या घरात त्या जुळत होत्या, पण कोणी एकत्र मांडून पाहिल्या नाहीत, म्हणून हे सविस्तर लिहिते.

माझ्या सासूबाईंच्या तळपायांची आग होत असे. रात्री पायांवर पांघरूणही सहन होत नसे. एनसीव्ही मात्र जवळपास ठीक आली. एप्रिल-मे महिन्यांत त्या उठून उभ्या राहिल्या की डोळ्यांपुढे अंधारी येई आणि एकदा तर ओट्यापाशीच खाली बसल्या. विदर्भातला उन्हाळा असल्यामुळे शेजारपाजारचे आणि आम्हीसुद्धा ऊन लागले असेच धरून चाललो. पन्हे, कांदा, ओला पंचा हे सगळे यथासांग झाले. परंतु पावसाळा लागला तरी चक्कर थांबेना. त्यांच्या दोन्ही मनगटांची कार्पल टनेलची (दबलेली नस मोकळी करण्याची) शस्त्रक्रिया काही वर्षांपूर्वी झाली होती, वजन उतरत होते, पावलांवर सूज होती आणि लघवीला फेस येत होता. यांतील प्रत्येक तक्रारीसाठी वेगळे डॉक्टर आणि वेगळी फाइल होती. अखेर एका तरुण डॉक्टरांनी त्यांचा रक्तदाब आधी झोपवून आणि मग उभे करून मोजला, तेव्हा तो उभे राहिल्यावर बराच खाली गेलेला दिसला. पोटाच्या चरबीचा नमुना घेतला, आणि निदान ए-एल अमायलॉयडोसिस असे झाले.

प्रतापनगरकर, तुमच्या बाबांना हे असेलच असे नाही. तरीही उभे राहिल्यावरचा रक्तदाब आणि लघवीतील प्रथिने या दोन गोष्टी घरच्या घरीही लक्षात घेता येतात.

मज्जातंतू

गौरीताई, आपण हे लिहिलेत ते फार बरे झाले. मी ज्या दोन आजारांविषयी पुढे लिहिणार होतो त्यांपैकी हा एक आहे.

ए-एल अमायलॉयडोसिसमध्ये त्या एकाच छापाच्या हलक्या साखळ्या चुकीच्या पद्धतीने घडी होऊन धाग्यांच्या रूपाने हृदय, मूत्रपिंड आणि नसांत साचतात. वेदना व तापमान जाणणारे बारीक तंतू आणि रक्तदाब, घाम, पचन सांभाळणारे तंतू आधी बिघडतात. नेहमीची एनसीव्ही जाड तंतूंचीच तपासणी करते, म्हणून ती सुरुवातीला ठीक येऊ शकते. चरबीच्या नमुन्याला काँगो रेड रंग देऊन ध्रुवित प्रकाशात पाहिले असता हिरवट झाक दिसते, त्यावरून निदान होते. इथे उशीर परवडत नाही, कारण हृदयात किती साचले आहे त्यावर पुढचे सारे ठरते. एनटी-प्रोबीएनपी ही हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी त्यासाठीच करतात.

दुसरा आजार पोएम्स. यात हातापायांची ताकद काही महिन्यांत झपाट्याने जाते, त्वचा काळवंडते व जाड होते, यकृत-प्लीहा वाढतात, अंगावर सूज येते आणि हाडांत दाट झालेले डाग सापडतात. प्रथिन जवळजवळ नेहमी लॅम्डा प्रकारचे आणि प्रमाणाने इतके कमी असते की साध्या इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये निसटू शकते. रक्तातील व्हीईजीएफ (रक्तवाहिन्यांच्या वाढीला चालना देणारे प्रथिन) मात्र खूप वाढलेले असते. हा आजार सीआयडीपी (प्रतिकारशक्तीमुळे नसांच्या आवरणाला होणारा दीर्घकालीन दाह) समजून रुग्ण महिनोन् महिने स्टेरॉइड घेत राहतात. ज्या 'सीआयडीपी'ला उपचार लागू पडत नाही आणि प्रथिन लॅम्डा आहे, तिथे हा विचार केलाच पाहिजे.

वरोऱ्याचा_वाटसरू

विषय रक्तातील प्रथिनांचा आहे याची जाणीव ठेवून एकच भर घालतो. मी आरोग्यसेवेत होतो. चंद्रपूर-गडचिरोलीकडे कुष्ठरोगाचे नवे रुग्ण आजही सापडतात आणि त्यांत वयस्कर माणसेही असतात. दोन्ही पायांत सारखा आणि टोकाकडून वर चढणारा बधिरपणा असेल तर वर डॉक्टरांनी लिहिलेली दिशा योग्य आहे. परंतु बधिरपणा तुकड्यातुकड्यांत असेल, कातडीवर फिकट चट्टा असेल, कोपरामागची किंवा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस हाताला दोरीसारखी जाड लागत असेल, तर महागड्या तपासण्यांच्या आधी कुष्ठरोगाची तपासणी करावी. औषध सरकारकडून मोफत मिळते आणि वेळेवर घेतले तर आजार पूर्ण बरा होतो.

संत्रानगरी

हा धागा वाचून माझ्या मनात आले की साठी ओलांडलेल्या प्रत्येकाने रक्तातील एम बँडची ही तपासणी करून घ्यावी काय? हल्ली 'संपूर्ण शरीर तपासणी'च्या पॅकेजमध्ये काय काय असते.

काचपट्टी

लक्षणे नसताना करू नये असे माझे मत आहे. आइसलँडमध्ये चाळिशीपुढील ८० हजारांहून अधिक लोकांनी अशा चाचणीसाठी नाव नोंदवले आणि तिथे हा प्रश्न शास्त्रीय रीतीने अभ्यासला जात आहे. तोपर्यंत सरसकट चाचणी करावी अशी शिफारस नाही. शंभरातल्या दोन-चार धडधाकट माणसांच्या हाती 'एम बँड' लिहिलेला कागद देऊन त्यांना आयुष्यभर धास्तीत ठेवण्यात कोणाचा फायदा आहे, हे ज्याने त्याने ओळखावे. कारण न सापडलेली न्यूरोपॅथी असेल तर मात्र ही तपासणी व्हायलाच हवी. अशा सुमारे १० टक्के रुग्णांत हे प्रथिन आढळते.

प्रतापनगरकर

सर्वांचे मनापासून आभार. नवे अहवाल आले आहेत. प्रथिन आयजीएम कॅपा निघाले. क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि हिमोग्लोबिन ठीक आहेत. उभे राहिल्यावर रक्तदाब खाली जात नाही आणि लघवीत प्रथिन नाही. अँटी-मॅगचा नमुना बाहेरगावी पाठवला होता, तो ठळकपणे पॉझिटिव्ह आला. रक्तविकारतज्ज्ञांनी अस्थिमज्जा तपासणी आणि पोटा-छातीचा सीटी स्कॅन सुचवला आहे. त्यांनी रिटक्सिमॅबचा (प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींचा वंश घटवणारे औषध) उल्लेख केला, पण घाई नाही असेही म्हणाले. घरात मात्र दोन तट पडले आहेत. धाकट्या भावाचे म्हणणे, औषध उपलब्ध असताना थांबायचे कशाला. बाबा म्हणतात, मी चालतो आहे ना, मग सुया कशाला.

मज्जातंतू

अस्थिमज्जा तपासणी करून घ्यावी. आयजीएम प्रथिनाच्या मागे कधीकधी वाल्डेनस्ट्रॉम मॅक्रोग्लोब्युलिनेमिया असतो. स्वीडनच्या यान वाल्डेनस्ट्रॉम यांनी १९४४ साली वर्णन केलेला हा संथ गतीचा लसिका-कर्करोग आहे. तो असेल तर उपचारांचे गणित बदलते, म्हणून तो आहे किंवा नाही हे आधी ठरले पाहिजे. नमुन्यावर एमवायडी८८ या जनुकातील बदलाचीही तपासणी करतात.

तो नसेल तर भाऊ आणि बाबा या दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. अँटी-मॅग न्यूरोपॅथी बहुतेकांत फार सावकाश पुढे सरकते. कित्येक जण दहा-दहा वर्षे स्वतःच्या पायांवर हिंडतात. स्टेरॉइडचा यात सहसा उपयोग होत नाही आणि इम्युनोग्लोब्युलिनचा परिणाम तात्पुरता असतो. रिटक्सिमॅबमुळे अंदाजे एक तृतीयांश ते निम्म्या रुग्णांना फायदा होतो असे दिसते, परंतु प्लॅसिबोशी (औषध नसलेल्या नकली मात्रेशी) तुलना करणाऱ्या ज्या दोन चाचण्या झाल्या त्यांचे निष्कर्ष संमिश्र आहेत. थोड्या रुग्णांत औषधानंतर आयजीएम काही काळ उसळते आणि न्यूरोपॅथी बिघडते. म्हणून मी साधारणपणे बधिरपणाकडे पाहून नव्हे, तर कार्यक्षमतेकडे पाहून निर्णय घेतो. सहा महिन्यांपूर्वी आधाराशिवाय जिना उतरणारा माणूस आता कठडा सोडत नाही, बटणे लावता येत नाहीत, पडण्याचे प्रसंग वाढले, असे असेल तर उपचार करावा. स्थिती कायम असेल तर लक्ष ठेवावे. औषध द्यायचे ठरलेच तर हिपॅटायटिस बी ची तपासणी आधी झालीच पाहिजे, कारण दबलेला विषाणू या औषधाने उफाळून येतो. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी शक्य असेल तर किमान चार आठवडे आधी घ्याव्यात, नंतर त्यांचा प्रभाव फारसा पडत नाही.

आणखी एक इशारा. पुढे कधी मायलोमा किंवा वाल्डेनस्ट्रॉमसाठी औषधे सुरू झाली तर बोर्टेझोमिब, थॅलिडोमाइड आणि व्हिन्क्रिस्टिन ही स्वतःच नसांना इजा करणारी औषधे आहेत, हे रक्तविकारतज्ज्ञांना आवर्जून आठवण करून द्यावे. ते जाणतातच, पण न्यूरोपॅथी आधीपासून आहे हे त्यांच्या फाइलवर ठळक असलेले बरे.

चालता_बोलता

मी भौतिकोपचार करतो. औषधाचा निर्णय होईपर्यंत आणि झाल्यावरही पुढील गोष्टी बाबांच्या कामाच्या आहेत.

तोल डोळ्यांवर अवलंबून असल्यामुळे अंधार हा त्यांचा मोठा शत्रू आहे. खोलीपासून संडासापर्यंत रात्रभर मंद दिवा लावावा. बेसिन व न्हाणीघराच्या भिंतीत पकडण्यासाठी पक्का दांडा बसवावा, कारण नळ हा वजन पेलण्यासाठी नसतो. अंगावर पाणी स्टुलावर बसून घ्यावे. अंगठ्याच्या चपला बंद करून मागे पट्टा असलेल्या सँडल वापराव्यात.

नागपूरच्या उन्हाळ्याविषयी विशेष काळजी घ्यावी. वाळवणासाठी गच्चीवर किंवा देवळाच्या फरशीवर भर दुपारी अनवाणी गेलेल्या रुग्णांच्या तळव्यांना आलेले फोड मी पाहिले आहेत. त्यांना चटका जाणवलेलाच नसतो. संध्याकाळी पायमोजा ओला लागतो तेव्हा कळते. हिवाळ्यात गरम पाण्याच्या पिशवीचा शेक आणि शेगडीजवळ पाय करून बसणे यांतही तोच धोका आहे. रोज झोपण्यापूर्वी तळवे आरशात किंवा घरातील कोणाकडून पाहून घ्यावेत. मधुमेह सोबत असल्यामुळे हे दुप्पट महत्त्वाचे.

व्यायाम करता येतो आणि करावाच. ओट्याला धरून टाचा उचलणे, एका रेषेत पावले टाकणे, खुर्चीतून हात न टेकता उठणे, हे सर्व कोणीतरी शेजारी उभे असताना करावे.

गौरी_वर्धा

वेदनेच्या गोळ्यांबद्दलही कोणीतरी लिहावे. सासूबाईंना प्रीगॅबालिनने दिवसभर गुंगी येत असे.

मज्जातंतू

प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन, ड्युलॉक्सेटिन आणि अमिट्रिप्टिलिन ही औषधे जळजळ व वेदना कमी करतात. बधिरपणा आणि तोल यांवर त्यांचा काही परिणाम होत नाही. ज्यांना वेदनाच नाही त्यांनी ती घेऊन गुंगी आणि पडण्याचा धोका ओढवून घेऊ नये. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांत अमिट्रिप्टिलिनने लघवी अडू शकते. 'नसांची ताकद वाढवणाऱ्या' गोळ्यांत बी ६ असते आणि ते मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास स्वतःच न्यूरोपॅथी करते, म्हणून बाबांच्या डब्यातील अशा गोळ्यांचे लेबल एकदा वाचावे.

प्रतापनगरकर

बाबांना वेदना नाही, त्यामुळे त्या गोळ्या आम्ही डॉक्टरांना विचारून बंद करू. अस्थिमज्जा तपासणीची तारीख मिळाली आहे. ती ठीक आली आणि तूर्त लक्ष ठेवायचे ठरले, तर रक्ताची तपासणी किती अंतराने करावी?

काचपट्टी

सर्वसाधारण रीत अशी की पहिली फेरतपासणी सहा महिन्यांनी आणि स्थिर असेल तर पुढे वर्षातून एकदा. न्यूरोपॅथी असल्यामुळे तुमचे डॉक्टर कदाचित त्याआधीही बोलावतील. दर वेळी त्याच प्रयोगशाळेत आणि त्याच पद्धतीने करावी. शिखराखालचे क्षेत्र कुठून कुठपर्यंत मोजायचे हे यंत्रासमोर बसलेला माणूस ठरवतो, त्यामुळे जागा बदलली की ०.६ चे ०.८ सहज होते आणि घरात विनाकारण धावपळ सुरू होते. जुन्या अहवालांवरचे आलेख छापील स्वरूपात जपून ठेवा, नुसता आकडा टिपून ठेवू नका.